वादी ओढणारं माणूस

धारेचं चाक एकट्याला चालवता येत नाही. घरी सुतारकाम मांडणारी माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, बाबा, हत्यारांना धार लावायला काय घ्यावं, चाक की दगड? मी उलट विचारतो, घरात चाकाची चामडी वादी ओढायला कोण आहे? ते हसतात. म्हाताऱ्यानं थट्टा केली असं त्यांना वाटतं. मी थट्टा करत नाही. आधी माणूस बघा, मग चाक घ्या. माणूस गेलं की चाकाचा उपयोग मांजराला बसायला.

मी कल्याणचा सुतार. शाळेत फार गेलो नाही. अक्षरं शिकलो ती रेल्वेच्या कारखान्यात, फळ्यांवर खडूनं लिहिलेलं वाचता वाचता. म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, आणि माझं बोलणं लोकांना टोचतं. तरुणपणी आगगाडीच्या डब्यांची दारं केली. पुढं गुडघे धरले, तेव्हा नोकरी सोडली आणि घराच्या पडवीत स्वतःचं काम मांडलं. मुरबाडकडून लाकडाच्या गाड्या यायच्या, सागाला तोटा नव्हता. पटाश्या, रंधे, करवती माझ्या स्वतःच्या होत्या. प्रश्न राहिला धारेचा. कारखान्यात धार लावणारी माणसं वेगळी. बोथट पातं द्यायचं, धारेचं घ्यायचं. घरी कोण देणार?

"तुम्ही लाकूड बघा," बायको म्हणाली. "चाक मी करते."

ती कातारी घरातली. तिचा बाप पाळणे आणि खेळणी कातून त्यांवर रंगीत लाख चढवायचा. लाख किती तापवायची आणि कधी उतरवायची, हे ती परकरात असल्यापासून बघत आलेली. तिनं सुऱ्या-तलवारी पाजळणाऱ्या शिकलगाराकडून कुरुंदाचे खडे आणवले. कुरुंद म्हणजे लोखंडाला खाणारा दगड. तो लोखंडी खलात कुटला, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळला, जाड चूर वेगळा आणि बारीक वेगळा केला. मग लाख वितळवून तिच्यात चूर कालवला, आणि मी कातून दिलेल्या लाकडी चकतीच्या काठावर तो काला गरम असतानाच थापला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "लांब व्हा. तुमचा हात जड आहे." मी लांब झालो. तिची बोटं भाजली होती, पण काठ असा एकसारखा आला की कातल्यासारखा.

दोन खुंट रोवले, मधे आस बसवला, आसावर चाक. आसाला चामड्याची लांब वादी गुंडाळायची. समोर बसणाऱ्यानं वादीचं एक टोक ओढलं की चाक एका अंगाला फिरतं, दुसरं टोक ओढलं की उलट फिरतं. धार लावणाऱ्यानं चाक आपल्याकडे येताना पातं टेकवायचं आणि परत जाताना उचलायचं. सांगायला सोपं आहे. करताना दोघांचा श्वास एक लागतो. ओढणारा जरा अडखळला की पातं रुततं, घाई केली की तापतं. तापून निळं झालं की लोखंडाचं पाणी उतरलं. मग ती पटाशी भाजी चिरायला घ्या.

आम्हांला एकमेकांना काही सांगावं लागायचं नाही. ती वादी ओढता ओढता आळीतल्या सगळ्या बातम्या सांगायची, आणि मी हूं हूं करायचो. चाकाच्या आवाजावरून मला तिचा राग कळायचा.

"आज कुणावर?"

"तुमच्या बहिणीवर."

"ती टिटवाळ्याला आहे."

"म्हणून तर चाकावर काढतेय."

आम्हांला लेकरं झाली, पण राहिली नाहीत. त्याबद्दल मी लिहिणार नाही. घरात आम्ही दोघंच होतो आणि पडवीत सारखं काहीतरी काम असायचं. लोक म्हणायचे, सुतार बायकोला बैलासारखा राबवतो. खरं उलट होतं. दिवेलागणीच्या आत धार झाली पाहिजे, हा तिचा हुकूम. नाही झाली तर उद्या बघू म्हणून ती उठून जायची आणि मी बोथट पटाशी हातात घेऊन तसाच बसायचो.

ती थंडीत गेली. ताप आला, काढे दिले, वैद्य येऊन नाडी बघून गेला. शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलत होती, पण मी कोण ते तिला कळत नव्हतं. मला बाप समजून लाख उतरवा म्हणत होती, लाख करपते म्हणत होती. मी म्हणालो, उतरवली. मग ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी गेली.

सुतकात आम्ही हत्यारांना हात लावत नाही. सगळी एका फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. सुतक फिटल्यावर शेजारच्या कासारानं गाठोडं खाली काढलं आणि माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस दिला, तशी रीत आहे. पारनाक्यावरच्या एका घराचं सागाचं दार माझ्याकडे अर्धं झालेलं होतं. त्या घरात वैशाखात लग्न होतं आणि दार त्याच्या आधी लागायला हवं होतं. फडकं सोडलं तर पटाश्या सगळ्या बोथट. ती आजारी पडायच्या आधी धार लावायची राहिली होती.

कासार म्हणाला, "मी ओढतो की. त्यात काय आहे?"

तो चांगला माणूस. वादी धरून समोर बसला आणि विहिरीतून घागर ओढावी तशी ओढायला लागला. मी पटाशी टेकवली तोच चाक उलटं फिरलं आणि पातं माझ्या अंगठ्यावरून गेलं. मी म्हणालो, हळू. मग तो इतका हळू ओढायला लागला की चाक मधेच थांबायचं. शेवटी पटाशीच्या टोकाला निळा डाग पडला. कासारानं तो बघितला.

"हा रंग चांगला का वाईट?"

"वाईट."

"मग मला भांडीच घडवू दे," म्हणून तो उठला. जाताना म्हणाला, "वहिनी हे रोज करायची?"

मी निळी पटाशी फडक्यात गुंडाळायला खाली वाकलो. रडू आलं होतं आणि त्याला दाखवायचं नव्हतं.

आक्का, माझी थोरली बहीण, पंधरवड्यानं टिटवाळ्याहून आली. आली ती चूल बघायला गेली. चुलीत राख तशीच, भांड्याला भात लागलेला. बाहेर येऊन तिनं पडवीतलं दार बघितलं, निळी पटाशी बघितली, माझा फडकं बांधलेला अंगठा बघितला.

"हे असं किती दिवस चालायचं?"

"बघू."

"बघू काय? तुझे डोळे शाबूत आहेत तोवर बघायला हवं. अरे, तुला दोन वेळ भाकरी करून घालायला आणि हे तुझं चाक ओढायला घरात माणूस पाहिजे. मी बघून ठेवलंय. आपल्यातलीच आहे. बाप नाही, चुलत्याकडे असते. त्यांना जड झालीय."

"केवढी आहे?"

"केवढी म्हणजे? मुलीएवढी आहे. वाढेल."

मी म्हणालो, "आक्का, मला दात राहिले नाहीत."

"दातांशी लग्न लावायचं नाहीये. माझ्याकडे बघ. मी आज आहे, उद्या नाही. तू मेलास तर तोंडात पाणी कोण घालेल? तुझं नाव लावायला कोण आहे?"

आक्का वाईट बाई नव्हे. ती विधवा होती. तिची परत कुणी सोय लावली नव्हती आणि लावणारही नव्हतं. तरी माझी लावायला निघाली होती. पुरुषाचं घर बाईशिवाय चालत नाही एवढंच तिला ठाऊक. आणि माझी परिस्थिती तिच्या बाजूनं बोलत होती. काम अडलेलं, धार नाही, जेवणाचे हाल. मला नाही म्हणायचं होतं, पण कशाच्या जोरावर म्हणणार?

"मला एकट्याला काम जमलं तर?" मी विचारलं.

"जमव," ती म्हणाली. "होळीनंतर मुहूर्त आहेत. तोवर हे दार एकट्यानं पुरं करून दाखव. मग मी त्या लोकांना नाही म्हणून सांगते. नाही जमलं तर मुकाट्यानं बाशिंग बांधायचं."

ती बोलली तसं करणारी. आणि तेवढ्यावर थांबणारीही नव्हे. आठवड्यानं परत आली ती मुलीला घेऊनच. कल्याणला कुणा नातेवाइकाकडे जाताना सहज डोकावलो, असं सांगितलं. मुलगी परकरातली. केस घट्ट बांधलेले, तेलानं कपाळ चकचकीत. पडवीत आल्या आल्या तिनं चाक बघितलं आणि विचारलं, "हे कसलं?"

आक्का म्हणाली, "धारेचं. ओढून बघ."

मी म्हणालो, कशाला. पण मुलगी बसलीसुद्धा. माझ्या बायकोच्या जागेवर बसली, वादी धरली आणि ओढली. चाक फिरलं तशी हसली. परत ओढली, परत हसली. कासारापेक्षा तिचा हात चांगला होता, हे मला मान्य करायला हवं. आक्कानं माझ्या हातात पटाशी कोंबली.

"टेकव. बघ जमतं का."

मी पटाशी धरली. मुलगी वाकून माझ्या हाताकडे बघत वादी ओढत होती. जीभ ओठाबाहेर काढून, पोरं काही मन लावून करतात तशी. मग विचारलं, "आजोबा, असंच ना?"

आक्कानं तिच्या पाठीत चापट मारली. "आजोबा नाही म्हणायचं."

"मग काय म्हणू?"

मुलीचं तोंड उतरलं. आपलं काय चुकलं हे तिला कळलं नाही, पण वादी तिनं सोडून दिली. मी घरातून गुळाचा खडा आणून तिला दिला. तो तिनं तोंडात टाकला नाही, परकराच्या ओच्यात ठेवला. चुलत्याच्या घरी धाकटी भावंडं असावीत. त्या दोघी गेल्या. त्या दिवशी ठरवलं, काही करून धार एकट्यानं लावायची.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या बाजूला एक साहेब बंगला मोडून विलायतेला चालला होता. त्याच्या सामानाच्या लिलावात पायानं फिरवायचं धारेचं चाक आहे, असं कळलं. मी गेलो. सुरेख वस्तू होती. मोठा वाळूदगड, शिसवी चौकट, वर पाण्याचं डबडं, खाली पायानं दाबायची फळी. फळी दाबली की वाकडा दांडा फिरतो आणि चाक एकाच अंगाला फिरत राहतं. दोन्ही हात मोकळे. समोर कुणी बसायला नको. मी पाय लावून बघितला आणि मला वाटलं, सुटलो.

पण दगड घेताना वाजवून बघायचा. हे तुम्हीही लक्षात ठेवा. चाक टांगतं धरून बोटाच्या पेरानं ठोकायचं. चांगला दगड मातीच्या भाजलेल्या घड्यासारखा वाजतो. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. साहेबाचा दगड बद्द वाजला. तडा दिसत नव्हता, पण तडा असलेला दगड भरवेगात फुटतो आणि समोरच्याच्या तोंडावर येतो. मी घेतला नाही. वाकड्या दांड्याची घडण मात्र डोळ्यांत साठवून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

आमच्याकडे चाक होतंच. तिचं चाक. मी लोहाराकडून तसाच वाकडा दांडा घडवून घेतला, सागाची फळी जोडली, वादी काढून टाकली आणि तिचं चाक नव्या आसावर चढवलं. पाय मारला. चाक फिरलं, फिरत राहिलं. पहिली पटाशी अशी उतरली की मला माझंच नवल वाटलं. दुसरी उतरली. निळा डाग नाही, रुतणं नाही. मी मनात म्हणालो, आक्का, ये आता.

मग रंध्याचं रुंद पातं घेतलं. त्याला पुष्कळ घासावं लागतं. मी पाय मारत राहिलो, पातं टेकवून धरलं. थोड्या वेळानं लाखेचा वास आला. गरम लाखेचा, किंचित गोड. तो वास आमच्या घरात एकाच वेळी यायचा, ती चुलीपुढं बसून लाख तापवत असायची तेव्हा. मी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. पाय चालूच होता, हात दाबलेलाच होता. मी तिकडे बघत राहिलो. ती आहे असं मला वाटलं नाही, मी वेडा झालो नव्हतो. पण मान परत वळवायला मन घेईना.

पातं हातात थरथरलं तेव्हा मी चाकाकडे बघितलं. काठ मऊ झाला होता. पात्यानं त्यात खोल चर पाडला होता आणि लाखेचे, कुरुंदाचे गोळे सुटून भिंतीवर चिकटले होते. पाय थांबवला तोवर काठाचा एक तुकडा लोंबायला लागलेला.

वादीचं चाक मागं पुढं फिरतं. प्रत्येक फेरीला क्षणभर थांबतं, पातं उचललं जातं, तेवढ्यात लाख निवते. एकाच अंगाला फिरणाऱ्या चाकाला ती उसंत नाही. त्याला वाळूदगड लागतो आणि वरून पाणी लागतं. मला हे समजायला हवं होतं. आयुष्यभर चाकाच्या एका बाजूला बसलो होतो. पण एका बाजूलाच बसलो होतो.

मी नवा काठ करायला बसलो. लाख आणली, कुरुंद कुटला, चाळला. लाखेत चूर किती घालायचा, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. समोर होत असलेलं कोण विचारतं? एकदा चूर जास्त झाला, निवल्यावर भुगा पडला. एकदा लाख जास्त झाली, पातं नुसतं घसरायला लागलं. एकदा करपलीच. तिचा हात त्या चाकात होता आणि तो मी एका दुपारी वितळवून भिंतीला फासला होता. भिंतीवरचे गोळे मी अजून खरवडलेले नाहीत. कुणी विचारलं तर सांगतो, घाण आहे, राहू दे.

होळी जवळ आली होती. दार तसंच पडवीत उभं.

किल्ल्याखालच्या बंदराला तेव्हा गलबतं लागायची. गलबतावर एक म्हातारा सुतार असायचा, समुद्रावर काम करणारा. मी त्याला विचारलं, गलबतावर तू धार कशी लावतोस? तिथं कोण चाक ओढतं?

तो म्हणाला, "चाक कशाला? गलबत हलतं, चाक हलतं, हात तुटेल की. दगड ठेवायचा मांडीखाली आणि घासायचं."

"वेळ लागत असेल."

"लागतो. तुझ्याकडे वेळ नाही?"

खरं तर वेळच होता. संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं, आळीतली बातमी घरात येत नव्हती. त्यानं मला त्याचे दगड दाखवले आणि मी तसेच तीन घेतले. ज्यांना घरी काम मांडायचंय त्यांना मी आता हेच सांगतो. एक खरखरीत, धारेला खांडं पडलेल्या पात्यासाठी. शिकलगाराकडची कुरुंदाची पाटी चालते, फक्त ती सपाट आहे का ते पट्टी लावून उजेडाकडे धरून बघा, मधे खोल गेलेली घेऊ नका. एक मधला दगड. त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच पिऊन टाकला तर दगड मऊ, लवकर झिजेल. नुसता वर तरंगत राहिला तर फार कठीण, लोखंड खाणार नाही. सावकाश पिणारा घ्या. आणि तिसरा गुळगुळीत, तेलाचा, बाहेरून गलबतानं येणारा. त्यावर नख ओढायचं. नखाला बारीक पीठ लागलं की दगड खरा. तेल करंजाचं वापरा. खोबरेल थंडीत थिजतं आणि दगडाची भोकं बुजतात. करवतीला दगड चालत नाही, तिला तिकोनी कानसच हवी. शेवटी हाताच्या तळव्याएवढा चामड्याचा तुकडा, धारेच्या टोकाला राहिलेली लोखंडाची बारीक कोर मोडायला. वादीचं चामडं माझ्याकडे होतंच. ते मात्र मी कापलं नाही, दुसरं आणलं.

पहिले काही दिवस हात वळेना. चाकावर धार आपण होऊन गोल येते, सपाट दगडावर कोन हातानं धरावा लागतो. मनगट डुललं की पातं पोटाळतं, धार फुगीर होते. गुडघ्यांमुळं खाली बसवत नव्हतं, म्हणून लाकडी खोकं करून त्यात दगड बसवले आणि उभ्यानं घासायला लागलो. एका पटाशीला सकाळ जायची. चाकावर ती तेवढ्यात सगळी पेटी उतरवून, वर बातम्या सांगून, भात टाकायला गेली असती. मी घासत राहिलो. दगडाला आवाज असतो, पण तो एकसुरी. त्यावरून कुणाचा राग कळत नाही.

हळूहळू धार यायला लागली. मग खाचा नीट पडल्या, फळ्या जुळल्या. होळीच्या आधी दार उभं राहिलं. मी ते पारनाक्यावर नेऊन बसवलं. घरातल्या बाईनं हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "तुमच्या मंडळी नाही आल्या?" तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मी चपला घालून निघालो.

होळी झाल्यावर आक्का आली. एकटी. मी तिला पटाशी दाखवली, तीच निळी पडलेली, घासून घासून आखूड केलेली. त्या पटाशीनं माझ्या हातावरचे केस भादरून दाखवले. आक्कानं बघितलं.

"दार?"

"लागलं. हवं तर जाऊन बघ."

"नको. तुझा शब्द पुरे."

ती ओटीवर बसली, पदरानं वारा घ्यायला लागली. मी भात टाकला, आमटी केली. तिखट झाली होती, तिनं नावं ठेवली नाहीत. ही गोष्ट मला खटकली. आक्का नावं न ठेवता जेवते तेव्हा पोटात दुसरं काही असतं. हात धुतल्यावर तिनं सांगितलं.

"तिला दिली."

"कुणाला?"

"भिवंडीकडे आहे. बिजवर आहे. घरी शेती आहे, बैल आहेत. पहिलीची दोन पोरं आहेत."

"केवढा आहे?"

"तुझ्याहून तरणा."

"आक्का, माझ्याहून सगळेच तरणे."

ती एकदम उसळली. "मग मी काय करणार होते? तू नाही म्हणणार हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांना ठेवायची नव्हती. तू निदान तिला मारलं नसतंस. गूळ दिला असतास."

एकट्याला धार लावता आली की सगळं सुटेल, असं मी धरून चाललो होतो. माझं सुटलं. लोक म्हणाले, सुतार बायकोला जागला. मी कुणाला जागलो ते मला ठाऊक नाही. मी फक्त नाही म्हणालो. माझ्या नाही म्हणण्यानं त्या मुलीचं घर बदललं, दुसरं काही बदललं नाही. माझी बायको असती तर तिनं कदाचित मुलीला घरात ठेवून घेतलं असतं, लेक म्हणून. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आक्काच्याही आलं नव्हतं. आम्ही दोघांनी एकच विचार केला, चाक कोण ओढणार.

आक्का गाडीच्या वेळेपर्यंत बसून होती. स्टेशनाकडे निघताना तिनं पिशवी उचलली, परत खाली ठेवली आणि पडवीत आली. माझ्या उभ्या खोक्याकडे, दगडांकडे, मोकळ्या खुंटांकडे बघितलं.

"खरंच जमतंय का रे तुला एकट्याला?"

"काम जमतंय," मी म्हणालो.

मी तिची पिशवी घेतली आणि तिला गाडीवर सोडून आलो.